डोंगर वाढला का?

डबीचा दोष नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. काही आक्रीत घडलं की पहिलं खापर मुक्या वस्तूवर फोडायची माणसाला खोडच असते. डबी सव्वीस वर्षं चोख चालली आणि त्या दिवशीही चोखच चालत होती.

डबी म्हणजे उंची दाखवणारं यंत्र. तळहाताएवढं, पितळी, काचेखाली एक काटा आणि भोवती हातानं फिरवता येणारं आकड्यांचं कडं. घड्याळजीला ती भंगारात सापडली तेव्हा काच फुटलेली होती आणि आत मुंग्यांनी संसार थाटला होता. तीन महिने डोळ्याला भिंग लावून, चिमट्यानं एकेक भाग साफ करून त्यानं ती जिवंत केली आणि आपल्या मित्राला, मोजणीदाराला देऊन टाकली. मोजणीदार जमिनी मोजायच्या खात्यात होता. काटकुळा, ताठ, नाकासमोर चालणारा. डबी उलटसुलट करत तो म्हणाला, "लेका, आता हिच्यासाठी डोंगर शोधणं आलं!" तिथून यांचं दरवर्षीचं चालणं सुरू झालं. मोजणीदाराच्या वर्गात शिकलेली एक मैत्रीण होती, इस्पितळात सिस्टर, डॉक्टरांनाही दटावणारी, ती आली. घड्याळजीच्या शेजारचा बस ड्रायव्हर आला. चौघांची मोट जी बांधली गेली, ती सुटलीच नाही.

आता या डबीची एक गंमत अशी, की तिला उंची कळत नाही, हवा कळते. वर चढलं की हवा विरळ होते आणि काटा पुढे सरकतो. पण माणूस जागच्या जागी असताना वादळ जवळ यायला लागलं, तरी हवेचा दाब उतरतो आणि काटा पुढे सरकतो. म्हणून यांचा शिरस्ता असा: संध्याकाळी तंबू ठोकला की नकाशात बघून कडं त्या जागेच्या उंचीवर लावायचं, डबी तंबूच्या खांबाला टांगायची आणि सकाळी बघायची. आकडा वाढलेला दिसला तर आपण तर हललो नाही, म्हणजे रात्रीतून डोंगरच वाढला! तीस मीटरच्या वर वाढला, तर सामान बांधायचं आणि आल्या वाटेनं परत जायचं. वाद घालायचा नाही, रुसायचं नाही. नियम मोजणीदारानं केला होता आणि तो कुणी मोडला नव्हता.

ड्रायव्हरला ती डबी शेवटपर्यंत वाचता आली नाही. "मला डिझेलचा काटा कळतो, तेवढा पुरे झाला," असं म्हणायचा. रोज सकाळी डोळेही न उघडता पांघरुणातून विचारायचा, "डोंगर वाढला का?" कुणी 'नाही' म्हटलं की एक मोठ्ठी जांभई द्यायचा आणि उठायचा. त्याच्यासाठी हवामानखातं तेवढंच.

या वर्षीचा बेत जुनाच होता. एका खोऱ्यातून चढायचं, डोंगराच्या बिनवाटेच्या धारेवरून तीन दिवस चालायचं आणि पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं. एकूण पाच दिवस. याआधी दोनदा निघाले होते, अकरा वर्षांपूर्वी आणि चार वर्षांपूर्वी. दोन्ही वेळा चौथ्या सकाळी, त्याच एका मोठ्या खडकाखाली, डोंगर वाढला होता आणि दोन्ही वेळा मुकाट्यानं परत फिरले होते. पलीकडचं खोरं राहूनच गेलं.

आणि आता घड्याळजीचे हात थरथरायला लागले होते. बायकांची नाजूक घड्याळं घेणं त्यानं वर्षापूर्वीच बंद केलं. सेल बदलायचे आणि भिंतीवरची घड्याळं पुसायची, एवढंच काम उरलं होतं. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात पायांतही पुरतं येईल. बायको म्हणाली, "यंदा जाऊन या. पुढच्या वर्षी मी सोडायची नाही." पलीकडचं खोरं बघितल्याशिवाय खुर्चीत बसायचं, या विचारानं त्याला रात्र रात्र झोप लागत नव्हती. मित्रांना त्यानं बेत सांगितला तेव्हा कुणी कारण विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊकच होतं. सिस्टर एवढंच म्हणाली, "या वेळी काहीही होवो, तुला पलीकडे नेणार." ड्रायव्हर म्हणाला, "नाहीतर पाठुंगळीला बांधून नेतो लेका, भाडं घेणार नाही."

निघायच्या दिवशी ड्रायव्हरची बायको, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, दारात आल्या आणि घड्याळजीला म्हणाल्या, "भावजी, यांना जपून आणा हं."

"अगं, मी काय काचेचं भांडं आहे?" ड्रायव्हर बुटाची नाडी आवळत म्हणाला.

"तुम्ही कुणाचंही ऐकता, म्हणून म्हटलं," वहिनी म्हणाल्या आणि सगळे हसले.

पहिले तीन दिवस दृष्ट लागण्यासारखे गेले. तिसऱ्या मुक्कामी तोच खडक, तोच ओढा. मोजणीदारानं कडं दोन हजार सातशेवर लावलं, डबी खांबाला टांगली, आणि ड्रायव्हर डोकं टेकताच असा घोरायला लागला की सिस्टर म्हणाली, वादळ आलं तरी याच्यामुळे ऐकू यायचं नाही.

सकाळचा चहा घड्याळजीकडे असे, म्हणून तो सगळ्यांत आधी उठायचा. त्या पहाटेही उठला. स्टोव्ह पेटवायला सहा काड्या लागल्या. निळी ज्योत नीट धरल्यावर त्यानं मान वर करून डबीकडे बघितलं.

दोन हजार सातशे पंचेचाळीस.

त्यानं काचेवर हलकेच टिचकी मारली. काटा हलला नाही. तंबूचं तोंड उघडून बाहेर बघितलं तर आकाश स्वच्छ होतं, पण वारा एकदम पडलेला. दोन दिवस पहाटे कलकल करणारे पक्षी गप्प होते. ओढ्याचा आवाज फार जवळून आल्यासारखा वाटत होता.

तो आत येऊन बसला. पंचेचाळीस. नियमाच्या वर पंधराच. पंधरा मीटर म्हणजे काय हो? चार-पाच मजली इमारत. तिच्यासाठी मागे फिरायचं? आज फिरलो की संपलं, मग उरलेला जन्म आहेच खुर्चीत बसून भिंतीवरच्या घड्याळांचं टकटक ऐकायला. त्यानं तिघांकडे बघितलं. ड्रायव्हर तोंड उघडं टाकून घोरत होता. सिस्टरची आणि मोजणीदाराची पाठ होती. घड्याळजीनं हात वर केला आणि कडं पंचेचाळीस मीटर मागे फिरवलं. वर्षभर चहाचा कपसुद्धा धड न धरणारा तो हात त्या क्षणी अजिबात थरथरला नाही. याचीच त्याला पुढे सगळ्यांत जास्त लाज वाटली.

चहा उकळला. पांघरुणातून आवाज आला, "डोंगर वाढला का?"

"नाही," घड्याळजी म्हणाला.

"नाही," सिस्टर म्हणाली.

"नाही," मोजणीदार म्हणाला. तिघांचं एकाच दमात आलं.

"अरे वा, काय कोरस आहे!" ड्रायव्हरनं जांभई दिली आणि उठून बसला. मोजणीदारानं अजून चष्माही लावला नव्हता. घड्याळजीला वाटलं, बघा, किती विश्वास आहे याचा माझ्यावर.

ते निघाले. धारेवर वाट अशी नव्हतीच. दगडांवरून, गवताच्या पुंजक्यांवरून जिथं पाय बसेल तिथून चढायचं. पुढचा बेत मोजणीदाराच्या जुन्या वहीत लिहिलेला होता, पूर्वी जाऊन आलेल्यांना विचारून. धारेच्या उजव्या अंगाला दोन घळी आहेत, वरून अगदी जुळ्या दिसणाऱ्या. पहिली फसवी, थोडी उतरून वळण घेते आणि वळणापलीकडे सरळ कडा तुटलेला. दुसरी तिच्या वर सत्तर मीटरवर, तीन हजारांच्या उंचीला, आणि ती मात्र थेट पलीकडच्या खोऱ्यात उतरते. उजेडात चूक व्हायचा प्रश्नच नव्हता.

अर्ध्या तासात धुकं आलं. खालच्या दरीतून वर चढत आलं, घाई न करता, आणि चौघांच्या गळ्यापर्यंत येऊन थांबलं. मग डोकीही बुडाली. पुढच्याची पाठपिशवी दिसेना झाली. नेहमी कुणाला ना कुणाला रागावत चालणारी सिस्टर एक अक्षर बोलत नव्हती. मोजणीदार दर पाच-दहा मिनिटांनी डबी बघत होता. घड्याळजीनं त्याला असं कधी करताना पाहिलं नव्हतं.

"काय झालंय काय तुम्हा सगळ्यांना?" ड्रायव्हर म्हणाला. "कुणी मेलंय का? डोंगर वाढला नाही म्हणजे हे सकाळचं धुकं. दहा वाजता उठेल."

"उठेल," मोजणीदार म्हणाला. वारा सुरू झाला होता. आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या.

उजवीकडे जमीन अचानक खाली गेली आणि घळीचं तोंड दिसलं. मोजणीदारानं डबी डोळ्यांजवळ धरली. "तीन हजार. हीच ती. पहिली धुक्यात मागे राहिली, दिसली नाही."

कुणालाच शंका यायचं कारण नव्हतं. तीन हजार म्हणजे तीन हजार. पण घड्याळजीचा हात सवयीनं मनगटाकडे गेला. जन्मभर त्यानं दुसरं केलं काय होतं? निघाल्यापासून सव्वादोन तास झाले होते. तंबूपासून इथवर तीनशे मीटर चढ. अशा जमिनीवर ही चौकडी तासाला शंभराच्या वर कधीच चढली नव्हती, तरणेताठे होते तेव्हासुद्धा. आणि आज तर त्याचे हे असे पाय. तीन तास लागायला हवे होते.

काटा पहाटे थांबला नव्हता. चालतानाही हवा पडतच होती, आणि डबी प्रत्येक पावलाला खोटी उंची जास्तीची मोजत आली होती. म्हणजे ही पहिली घळ.

आता तुम्ही म्हणाल, मग बोलला का नाही? तोंड उघडायला लागतं किती? हेच तर. 'थांबा' म्हटलं की 'का' आलं, आणि 'का' आलं की पहाटेचं कडं आलं. सव्वीस वर्षांची दोस्ती, आणि मोजणीदाराच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगायचं की मी तुझी डबी फिरवली. त्याला वाटलं, अजून एक मिनिट. कदाचित आपलंच चुकत असेल. कदाचित पाय आज बरे चालले असतील.

उतरताना ड्रायव्हर नेहमी पुढे असायचा. "माझ्या पायांना ब्रेक आहेत," असं म्हणायचा, आणि खरंच त्याच्याइतकं निसरड्यावर कुणाला उतरता येत नसे. त्यानं खाली जाऊन शिट्टी वाजवली की मग बाकीचे. त्यानं थर्मास सिस्टरच्या हातात दिला, बुटाची नाडी आवळली. त्याला सावकाश नाडी आवळायची सवय होती. घड्याळजीला बोलायला तेवढाही वेळ पुष्कळ होता.

"चला, पलीकडचं खोरं पहिल्यांदा मी बघणार," ड्रायव्हर घड्याळजीकडे बघून म्हणाला. "दुसरा नंबर तुझा." आणि धुक्यात उतरला. दगडांवर बुटांचा आवाज थोडा वेळ येत राहिला.

चार मिनिटं. घड्याळजीनं सेकंदकाट्याचे चार फेरे बघितले.

"त्याला बोलाव," तो म्हणाला. "मोजणीदारा, त्याला वर बोलाव. ही पहिली घळ आहे. पहाटे डोंगर वाढला होता. पंचेचाळीस. मी कडं फिरवलं."

तेवढ्यात सिस्टरच्या हातातून थर्मास सुटला आणि घळीत गडगडत गेला.

"पंचेचाळीस कसे?" ती म्हणाली. "अरे, मी तीनला उठले तेव्हा चाळीस होते. मी फिरवून सातशेवर आणलं होतं. तुझ्यासाठी रे! पहाटेपर्यंत परत पंचेचाळीस?"

मोजणीदारानं हातातल्या डबीकडे बघितलं. एक क्षणभरच. मग गळ्यातली शिट्टी जिवाच्या आकांतानं फुंकायला लागला. सिस्टर ओरडायला लागली, घड्याळजी ओरडायला लागला. वाऱ्यानं सगळं त्यांच्याच तोंडावर परत आणून टाकलं. मग खालून दगड सुटल्याचा आवाज आला. पुष्कळ दगड, एकामागून एक, आणि त्यानंतर काही नाही.

मोजणीदार पोटावर सरपटत वळणापर्यंत जाऊन आला. वळणापलीकडे कडा तुटलेला होता आणि खाली नुसतं धुकं. दुपारी बर्फ सुरू झालं. दोन रात्री तिघं धारेवर एका तंबूत एकमेकांना चिकटून बसले, आणि दोन्ही रात्री तंबूत कुणी घोरत नव्हतं. हवा उघडल्यावर शोधायला गेलेल्या माणसांना ड्रायव्हर सापडला. पलीकडच्या खोऱ्यात, कड्याच्या तळाशी. तिथं पोचणारा चौघांतला तो एकटाच.

सगळं उरकल्यावर तेराव्या दिवशी वहिनींनी सिस्टरला एकच विचारलं, "निघताना यांनी विचारलं होतं ना, डोंगर वाढला का म्हणून?" सिस्टर 'हो' म्हणाली. "मग?" वहिनींनी विचारलं. सिस्टर इस्पितळाची वेळ झाली असं सांगून निघून आली. सिस्टरबाई पळून आल्या! आयुष्यात कधी कुणाला पाठ न दाखवलेली बाई, ती रस्त्यात उभी राहून रडली.

त्यानंतर आठवड्यानं मोजणीदार दुकानात आला. घड्याळजी काउंटरमागे नुसताच बसला होता. समोर एक भिंतीवरचं घड्याळ उघडं पडलं होतं आणि त्याला हात लावायची हिंमत होत नव्हती. मोजणीदारानं खिशातून डबी काढून काचेवर ठेवली. शेजारी वही ठेवली.

"खालच्या खोऱ्यात हवामानाची चौकी आहे," तो म्हणाला. "त्या रात्रीचे दाबाचे आकडे आणले. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत हवा किती पडली ते मांडलं. आपल्या डबीवर एकशेपंचवीस मीटर दिसायला हवे होते."

घड्याळजीनं मान खाली घातली.

"तुझे पंचेचाळीस. सिस्टरचे चाळीस. पंच्याऐंशी झाले. चाळीस उरतात."

"ड्रायव्हरनं?" घड्याळजीनं विचारलं आणि विचारताक्षणीच त्याला स्वतःची किळस आली.

"त्याला कडं कुठल्या बाजूनं फिरतं तेही माहीत नव्हतं रे," मोजणीदार म्हणाला. त्याची ताठ मान प्रथमच वाकलेली दिसली. "ते चाळीस माझे. तंबूचे दोर आवळायला उठलो होतो, अकरा वाजता. म्हटलं, याला एकदा पलीकडे जाऊ दे. नियम मीच केलाय, एकदा मीच मोडतो. सकाळी चष्मा लावल्यावर काटा सातशेवर दिसला, वाटलं हवा तिथंच थांबली. देव पावला असं वाटलं मला. त्याआधी त्यानं विचारलं तेव्हा मी न बघताच 'नाही' म्हणून टाकलं होतं."

रस्त्यावरून माणसं जात येत होती. तिघांपैकी एकानं जरी काट्याला हात न लावता सगळ्यांना उठवलं असतं, तर चौघंही आज याच दुकानात चहा पीत एकमेकांची टिंगल करत बसले असते. किंवा तिघांतल्या एकानंच फिरवलं असतं, तरी पुढच्यानं बघून आरडाओरडा केला असता. पण तिघांनीही तेच केलं, एकमेकांपासून लपवून, आणि एकाच माणसाच्या मायेपोटी. तो माणूस काउंटरमागे थरथरत बसला होता.

"वहिनींना सांगायला हवं," घड्याळजी म्हणाला.

"म्हणूनच आलोय. सिस्टर बाहेर उभी आहे."

घड्याळजीला कुलूप लावता येईना. किल्ली भोकात जाईचना. सिस्टरनं त्याच्या हातातून ती घेतली आणि लावून दिलं.

वहिनींनी दार उघडलं, तिघांना एकदम बघितलं आणि बाजूला झाल्या. "या भावजी. बसा." ड्रायव्हरचे बूट दाराशी होते, नाड्या नव्या घातलेल्या. कुणी बसलं नाही. येताना रस्त्यात ठरलं होतं, की या वेळी एकदम बोलायचं नाही. एकेकानं बोलायचं, ज्या क्रमानं केलं त्या क्रमानं. मोजणीदारानं डबी टेबलावर ठेवली आणि सांगितलं, अकरा वाजता, चाळीस. सिस्टरनं सांगितलं, तीन वाजता, चाळीस. घड्याळजीनं सांगितलं, पहाटे, पंचेचाळीस. आणि मग घळीच्या तोंडाशी तो नाडी आवळत होता तेव्हा मला कळलं होतं, हेही सांगितलं. चार मिनिटंही सांगितली. हे त्यानं मोजणीदाराला आणि सिस्टरलाही आतापर्यंत सांगितलं नव्हतं. दोघांनी त्याच्याकडे वळून बघितलं.

वहिनी ओरडतील, शिव्याशाप देतील, घराबाहेर काढतील, असं त्याला वाटलं होतं. काढलं असतं तर बरं झालं असतं. त्या डबीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तिला हात लावला, कडं जरासं पुढे फिरवून बघितलं, परत मागे आणलं. किती सहज फिरतं, हेच जणू त्यांना बघायचं होतं.

"म्हणजे त्या रात्री," त्या म्हणाल्या, "तंबूत गाढ झोपले ते एकटे हेच."

आणि त्या आत निघून गेल्या. तिघं तिथंच उभे राहिले. जा असं कुणी म्हटलं नव्हतं आणि बसवेना.